बांधाच्या खालची घरं

सुंदरपेरुमाळ कोयिल गावाच्या पलीकडे आमच्या वडिलांनी केलेलं तळं आहे. सखल जमिनीला मातीचा उंच बांध घालून त्यांनी कालव्याचं पाणी साठवलं आणि खालची भातशेती पिकवली. वडील गेल्यावर ते माझ्या थोरल्या भावाकडे, अण्णाकडे आलं. निवृत्त झाल्यापासून तो कुंभकोणमहून रोज तिथे जातो, आणि बहुतेक वेळा मीही सोबत असते.

मागच्या उन्हाळ्यात बांधाच्या सरकारी पाहणीसाठी एक तरुण इंजिनीअर बाई आल्या. बांधावरून फिरल्या, खाली उतरून आल्या आणि म्हणाल्या, "हा जास्त धोक्याच्या वर्गात जाईल."

अण्णाचा चेहरा उतरला. "याला आजवर साधी भेग पडली नाही," तो तमिळमध्ये म्हणाला. "माझ्या वडिलांचं काम आहे."

"बांध वाईट आहे असं मी म्हणत नाही, अय्या. तो फुटलाच तर खाली कोण आहे, यावरून वर्ग ठरतो. पूर्वी खाली भात होतं. आता घरं आहेत."

परतताना अण्णा आमच्या घरच्या मराठीत पुटपुटत राहिला, "घरं मागून आली, आणि धोकादायक आम्ही?" मला त्याचं वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मात्र तोच म्हणाला, "चल, खालून बघू." आम्ही नेहमी शेताकडून बांधावर चढायचो, खालच्या घरांच्या गल्लीत कधी गेलोच नव्हतो. तिथून बांध घरांच्या छपरांहूनही उंच दिसत होता. शेवटच्या घरातल्या बाईनं अण्णाला ओळखलं, ओट्यावर बसवून ताक दिलं.

"पावसात भीती वाटते का, अम्मा?" त्यानं विचारलं.

ती ओशाळली. "पाऊस लागून राहिला की मुलींना घेऊन बहिणीकडे जाते, तिरुवलंचुळीला. तुम्हाला कसं सांगायचं, अय्या?"



त्याच उन्हाळ्यात अण्णानं सांडवा रुंद आणि खोल करून घेतला, म्हणजे जादा पाणी बांधावर चढण्याआधीच निघून जावं. मुळं बांध पोखरतात म्हणून त्यावरची वडिलांनी लावलेली झाडंही काढली. त्या दिवशी तो घरीच थांबला. कामावर मी उभी राहिले.

इंजिनीअर बाई पुन्हा आल्या. "काम छान झालंय. पण वर्ग तोच राहणार. घरं तिथेच आहेत ना."

अण्णा रागावेल असं मला वाटलं. तो हसला. "राहू दे. मी काय बघत राहू, ते सांगा."

त्यांनी आम्हाला बांधाच्या पायथ्याशी फिरवलं. "ओल दिसली तर मला कळवा. झिरपणारं पाणी गढूळ असेल, म्हणजे आतली माती वाहून येत असेल, तर वाट बघू नका, आधी माणसं हलवा."

संध्याकाळी अण्णानं गल्लीतल्या लोकांना जमवून हे सगळं सांगितलं. ताक देणारी बाई शेवटी म्हणाली, "अंधारात गढूळ कसं ओळखायचं, अय्या?"

अण्णानं हेच विचारायला तिथूनच इंजिनीअर बाईंना फोन लावला.