अठरा मिनिटांचा फोन

गुजरातेत, गोडादऱ्यात मी डबे करते. कापडाच्या लूमच्या कारखान्यात काम करणारी, घरदार गावी ठेवून आलेली माणसं माझ्याकडे जेवतात. बरीचशी आमच्या खानदेशातलीच. एक मात्र विदर्भातला होता, चाळिशीचा, अबोल. तीन वर्षं माझ्याकडे जेवला. रोज सकाळी त्याचा फोन यायचा, "ताई, भाजी काय आज?" वांगं असलं तर म्हणायचा, "मग नुसती डाळ द्या."

एका सोमवारी त्याचा डबा तसाच परत आला. खोलीला कुलूप होतं. दोन दिवसांनी कळलं की त्याला पोलिसांनी नेलंय. फोनवरच्या कुठल्याशा ग्रुपमध्ये त्याचा नंबर सापडला होता. देशाच्या सुरक्षेचा कायदा लावलाय, त्यात जामीन लवकर मिळत नाही, एवढंच शेजारीपाजारी बोलत होते. मोठ्यानं कुणीच बोलत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात एक साहेब आणि एक महिला पोलीस आमच्या घरी आले. मी कणीक मळत होते. साहेबांनी हिंदीत, शांतपणे विचारायला सुरुवात केली. त्यांच्याकडे कागद होते, त्यावर माझा नंबर ओळीनं छापलेला. कोणत्या दिवशी, किती वाजता, किती मिनिटं, सगळं.

"रोज काय बोलत होता?"

"भाजी कोणती ते विचारायचा."

"भाजी म्हणजे?"

मला प्रश्नच कळला नाही. "भाजी म्हणजे भाजी, साहेब. गिलके, मेथी, जे असेल ते." त्यांनी ते लिहून घेतलं.

मग त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "बाकी सगळे एकदोन मिनिटांचे. हा अठरा मिनिटांचा आहे. यात काय झालं?"

मला लख्ख आठवत होतं. त्या दिवशी त्याची आई गेली होती. गावी जायची गाडी संध्याकाळची होती आणि तोवर काय करावं हे त्याला सुचत नव्हतं. तो रडत होता, मी गॅस बंद करून ऐकत बसले होते. पण दारात माझी मुलगी उभी होती, कॉलेजची बॅग खांद्याला तशीच. तिच्याकडे बघितलं आणि माझ्या तोंडून निघालं, "आठवत नाही. माझी काही ओळख नाही त्याच्याशी. डबा घ्यायचा, बस."

त्यांनी माझा फोन घेतला, तो उघडायचा आकडा विचारला आणि पंचनाम्यावर सही घेतली.

त्यानंतर मला कुठेच चैन पडेना. मुलीच्या फोनवरून भेस्तानला राहणाऱ्या बहिणीशी बोलायचे तेव्हा बरी आहेस ना, मी बरी आहे, की लगेच ठेवून द्यायचे. मुलीनं सगळे ग्रुप सोडले, नातेवाइकांचासुद्धा. पोळ्या लाटता लाटता मी उठून खिडकीशी जायचे, खाली गाडी थांबली की कोणाची ते बघायचे. आपण केलंय काय, याचं उत्तर सापडत नव्हतं, आणि जे केलं होतं ते आठवायचं नव्हतं.

माझा फोन पाच महिन्यांनी परत मिळाला. तो माणूस दीड वर्षानं जामिनावर सुटला.

एका दुपारी दारात आला. ओळखू येईना इतका वाळलेला. मी ताट वाढायला उठले तर म्हणाला, "जेवण नको, ताई. एक गोष्ट विचाराची होती."

केसचे कागद त्यालाही मिळाले होते. माझा जबाब त्यात होता, आणि त्यावरून तो अठरा मिनिटांचा फोन संशयाचा ठरवला होता. गुजराती वाचता येत नाही म्हणून त्यानं तो वकिलाकडून वाचून घेतला होता.

"मले वाटलं, तुमाले तो फोन आठवत असन."

आवाज चढलेला नव्हता. तो भांडला असता तर मला सोपं गेलं असतं.

"आठवत होता," मी म्हटलं. "तेव्हाही आठवत होता. मी घाबरले."

त्यानं मान हलवली. मग मीच विचारलं, "तुमचे वकील कुठे बसतात?"

मुलगी आडवी आली. "मम्मी, तू कशाला परत त्यात?" तिचंही चूक नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी मी गेले. वकिलांना सगळं सांगितलं, आईचं, गाडीचं, वांग्याचंसुद्धा, आणि कोर्टातही हेच सांगेन म्हटलं. त्यांनी स्पष्टच सांगितलं, "जबाब बदलला म्हणून उलटतपासणीत तुम्हाला खोटं पाडायला बघतील. तयारी आहे?" मी हो म्हटलं.

आतापर्यंत कोर्टाच्या दोन तारखांना जाऊन आले. स्वयंपाक पहाटेच उरकते, डबे मुलगी पोचवते. दोन्ही वेळा बाकावर बसून राहिले, साक्षीसाठी माझं नाव काही पुकारलं नाही. तिसरी तारीख पुढच्या महिन्यात आहे.