मायचा अंगठा

अकोल्याच्या जुन्या शहरातलं आमचं आंब्याचं दुकान माझ्या मायच्या उजव्या अंगठ्यावर चालायचं. परतवाड्याहून बैलगाडीने हिरवा आंबा आला की घरामागच्या खोलीत ती आढी लावायची. खाली वाळलेलं गवत, त्यावर आंब्याचा थर, पुन्हा गवत, पुन्हा थर आणि सगळ्यांत वर गोणपाट. रोज सकाळी गोणपाट उचलून ती एकेक आंबा देठाजवळ अंगठ्याने हलकेच दाबायची आणि बाजूला काढायची. हा उद्याचा, हा परवाचा, याला अजून चार दिवस. गिऱ्हाईक आलं की आधी विचारायची, "कोन्या दिवशी खासान?" कचेरीतला हेडकारकून नागपूरला साहेबाकडे डाली, म्हणजे भेटीची आंब्याची टोपली, पाठवायचा, तीही आमच्याकडूनच. डाली पोचायची त्या दिवशी आंबा खायला तयार, एक दिवस आधी नाही की नंतर नाही. वडील गेल्यावर तिने या एका अंगठ्यावर घर चालवलं, हे मी कधीच नाकारणार नाही.

माझा राग वेगळा आहे. त्या अंगठ्यातलं तिने कुणाला काही दिलं नाही. मी तिशीला आलो, दोन लेकरांचा बाप झालो, तरी माझं काम काय, तर गाडी उतरवायची, टोपल्या उचलायच्या आणि गिऱ्हाइकाला म्हणायचं, बसा, माय येते. आढीकडे हात गेला रे गेला की मागून आवाज यायचा, "हात नोको लावू." कसं ओळखतेस म्हणून विचारलं तर म्हणायची, "हाताले समजते, तोंडाले सांगता येत नाई." माझी बायको पदराआड हसायची. "तुमी त देवळातले नंदी," ती म्हणायची, "निस्तं पाहाचं, हालाचं नाई."

त्या साली नदीपलीकडच्या पेठेत एक गाळा रिकामा झाला. गाळ्याचे मालक आमचं जुनं गिऱ्हाईक. ते मला म्हणाले, "अखजीच्या दिवशी आंबा मांडून दाखव, गाळा तुया. नाई त केळीवाला मागून राहिला." अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांना आमरसाचं पान वाढल्याशिवाय आमच्याकडे घरात कोणी आंबा तोंडाला लावत नाही. त्या दिवसासारखं गिऱ्हाईक वर्षभरात नसतं. मायही आढेवेढे घेत हो म्हणाली. दोन दुकानं होतील, एका अंगठ्याला दोन्हीकडे जाता येणार नाही, तिथे तरी माझा हात चालेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. रात्रंदिवस तोच गाळा.

अखजीला आठ दिवस उरले. आढी लागली आणि दुसऱ्याच दिवशी मायच्या नेमक्या त्या अंगठ्याला नखुर्डं झालं. वांग्याएवढा सुजला. हळदीचं पोटीस, वर फडकं. सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं. आता तरी बोलावेल.

तिने डाव्या अंगठ्याने दोनचार आंबे दाबून पाहिले, तोंड वाकडं केलं आणि गोणपाट परत ओढलं. मग बोटांवर दिवस मोजले. "अखजीच्या सकाळी उघडाची. तवरिक कोनी हात नाई लावाचा."

पाचव्या दिवशी मी खोलीत शिरलो तर वास बदललेला. गोड वासाच्या खाली काहीतरी आंबूस. गोणपाटावर तळहात ठेवला, तो चुलीजवळच्या भिंतीसारखा गरम लागला.

"माय, आढी तापली," मी म्हटलं. "आजच उघडू. थर हालवू."

"कावून उतावीळ होऊन राहिला? तुया बापालेही समजत नव्हतं."

"वास येऊन राहिला न पन."

"वासावर आंबा पिकत नाई, लेका. हात नोको लावू."

आणि मी नाही लावला. सगळं आठवलं की मायपेक्षा मला माझीच जास्त चीड येते. खोलीला कुलूप नव्हतं. ती दुपारी दोन तास झोपायची. मी दाराशी उभा राहून वास घेत बसलो, तीन दिवस.

अखजीला पहाटेच आढी उघडली. वरचा थर बरा होता. खालचे आंबे काळे पडून एकमेकांना चिकटले होते, गवत रसाने भिजलं होतं. निवडून तीन टोपल्या निघाल्या. त्या आमच्याच दारातल्या गिऱ्हाइकांना पुरल्या नाहीत, पेठेत काय नेणार? हेडकारकून रिकामी पिशवी घेऊन उभा होता. "बाई, तुमच्याकडे असं कधी झालं नाही," तो म्हणाला.

"अंगठा दुखते," माय म्हणाली. लेकानं सांगितलं होतं, हे काही तिच्या तोंडून निघालं नाही. दुपारी त्या गाळ्यात केळीचे घड टांगलेले मी स्वतः जाऊन पाहून आलो.

पुढची आढी लागली तेव्हाही तिचा अंगठा बांधलेलाच होता. सहाव्या दिवशी तिने मला आढीपाशी हाक मारली. तिच्या आयुष्यात पहिल्यांदा. एक आंबा माझ्या हातावर ठेवला. "सांग, कधी?"

मी देठाजवळ दाबला. साल जरा आत गेली, पण पुरती नाही. "उद्या," मी म्हटलं.

तिने डाव्या अंगठ्याने दाबला. "परवा."

तो आंबा मी कोनाड्यात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर मांडी घालून चोखला. ती पोटीस सोडत माझ्याकडे पाहत होती.

"देठापाशी आंबट असन," ती म्हणाली.

आंबा देठापर्यंत गोड होता. रस कोपरापर्यंत ओघळला होता. ती अजून पाहत होती.

"व्हय माय," मी म्हणालो, "जरासा आंबट हाये."

"मंग?" म्हणत ती उठली आणि आढीवर गोणपाट ओढलं.