नवाच्या बल्बाचा लखलखाट

पाथर्डी तालुक्यातल्या डोंगराकडच्या वस्तीवर कुणाच्या घरात भर दिवसा दिवा जळत असला, की बनुबाईला राहवत नसे. न विचारता आत शिरून ती बटण बंद करणार आणि वर ऐकवणार, “तुझ्या बापानं धरण बांधलंय का गं?” साठी उलटलेली बाई, तिला कोण बोलणार? लोक मागून हसायचे, पण ती येताना दिसली की आधी बटणाकडे धावायचे.

दिवाळीच्या आधी तिने बाजारातून नऊ वॅटचे एलईडी बल्ब आणले आणि घरातले सगळे पिवळे बल्ब काढून टाकले. पुढचं बिल निम्म्याहून कमी आलं. मग काय विचारता! बाई ते बिल घेऊन महिनाभर दारोदार हिंडली. “पिवळा बल्ब नुसती वीज खातो गं. नवाचा लावा. उजेड दुप्पट, खर्च नखभर.” खरं सांगायचं तर तिच्यामुळे वस्तीचं भलंच झालं. वीसेक घरांतले बल्ब तिने बदलायला लावले आणि एकानेही तक्रार केली नाही. तक्रार करायची सोयही नव्हती म्हणा.

मुलगा कल्याण आणि सून रुपाली दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेले होते. पौष लागला तसे रुपालीने कारखान्यावरून पैसे धाडले आणि सासूला गावरान कोंबडीची पन्नास पिल्लं घ्यायला लावली. फोनवर म्हणाली, “आत्या, एवढी जगवा. अंडी सुरू झाली की पुढच्या साली मी कोयता धरनार न्हाई. पूजापाशी घरीच ऱ्हाईन.” सात वर्षांची पूजा आजीजवळ राहायची आणि वर्षातले सहा महिने आईला फोनमध्येच बघायची. तिने तर शाळेत सांगूनही टाकलं, माझी आई आता कुठंच जाणार नाही.

बनुबाईने पडवीत गोल पत्रा उभा केला, आत भुसा पसरला. पिल्लंवाल्याने शंभर वॅटचा पिवळा बल्ब दिला आणि बजावलं, हा रात्रभर चालू ठेवा. पण का, ते त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. रात्रभर शंभरचा! तो तिच्या डोळ्यांत सलत होता. पाचव्या दिवशी संध्याकाळी तिने तो काढला आणि नवाचा लावला. पांढराशुभ्र लखलखाट पडला. बाई समाधानाने झोपली.

सकाळी ती उठली तेव्हा बल्ब तसाच लखलखत होता, पण चिवचिव नव्हती. ती वाकली. सगळी पिल्लं एका बाजूला एकावर एक चढून पडली होती. तिने वरचं उचललं. गार. त्याखालचंही गार. तिला काही उमजेना. मांजर आलेलं नव्हतं, दाणा होता, पाणी होतं, उजेड तर इतका की पडलेली सुई सापडावी. मग तिने हात वर नेला आणि बल्बाला लावला. जेमतेम कोमट. त्या शंभरच्या बल्बाला हात लावायची कुणाची छाती नव्हती. म्हणजे तो खात होता ती सगळी वीज वाया जात नव्हती. तिला उधळपट्टी वाटत होती ती ऊब होती.

ढिगाच्या मधली नऊ पिल्लं धुगधुगत होती. ती तिने परडीत घालून चुलीजवळ ठेवली. तेवढ्यात तिला सविता आठवली. शेजारच्या त्या पोरीनेही त्याच पिल्लंवाल्याकडून तीस पिल्लं घेतली होती आणि परवाच बनुबाईने तिच्या हातात नवाचा बल्ब कोंबला होता. ती अनवाणीच धावली.

सविताच्या पडवीत पिवळा उजेड होता. तीसच्या तीस पिल्लं दाणे टिपत होती.

“नवाचा लावला न्हाईस व्हय गं?” बनुबाईने खांब धरून विचारलं.

सविता घाबरली. “लावला हुता, काकू. पन पिल्लं लगीच एकाजागी गोळा व्हाया लागली. बल्बाला हात लावला तर ऊबच न्हाई. म्हनून परत पिवळा लावला. चुकलं का?”

“मंग मला सांगायचं न्हाई?”

“काल आले हुते की सांगायला. तुमी स्टुलावर उभ्या हुत्या. मी नुसतं ‘काकू, त्यो बल्ब’ एवढंच म्हनले. तुमी म्हनालात, ‘मला शिकवती व्हय? जा, दूध उतू जाईल तुझं.’”

बनुबाईला आठवलं. तिने मागे वळूनही पाहिलं नव्हतं.

कमरेला खोचलेला मोबाईल वाजला. उसाच्या फडात जायच्या आधी रुपाली रोज पिल्लांची चौकशी करायची. बनुबाईने फोन कानाला लावला. थंडीवर ढकलता आलं असतं, पिल्लंवाल्यावर ढकलता आलं असतं.

“पोरी, एक्केचाळीस गेली,” ती म्हणाली. “थंडीनं न्हाई गेली. माझ्या तोंडानं गेली.”

रुपाली म्हणाली, “पूजाला एवढ्यात सांगू नका, आत्या.”