बिननावाची गोळी

१४ ऑक्टोबर १९९१. संध्याकाळी ह्यांचे कपडे भिजत घालायला घेतले, तर सदऱ्याच्या खिशात पाच पांढऱ्या गोळ्या निघाल्या. माझ्यासमोर तोंडात टाकायच्या आणि पाठ वळली की काढून ठेवायच्या, असं चाललं होतं.

ह्यांना यकृताचा कॅन्सर होता. मुंबईच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलेलं. तरी दोन वेळची पातळ पेज पोटात राहायची, तेवढंच सुख उरलं होतं. जवळच्या टेमघर गावातल्या डॉक्टरने ‘कॅन्सरची नवीन गोळी’ सुरू केली आणि पेजही उलटून पडायला लागली. गोळी मात्र मीच दटावून देत होते.

एक गोळी अर्धवट विरघळली होती. जिभेला लावून पाहिली. पांढऱ्या गोळ्या दिसायला सारख्याच, पण हा कडूपणा मी चांगला ओळखत होते. मलेरियाची आरोग्य सेविका म्हणून अकरा वर्षं मी घरोघरी फिरत होते. तापाच्या माणसाच्या बोटाचं रक्त काचपट्टीवर घ्यायचं आणि हीच गोळी द्यायची. क्लोरोक्विन. डॉक्टरने ती पाकिटातून काढून साध्या पुडीत बांधली होती.

हात पुसले आणि दवाखाना गाठला.

“ही मलेरियाची गोळी आहे.”

त्याने नाकारलंही नाही. “हे औषध लिव्हरमध्ये साठतं. म्हटलं, गाठीवर चालतंय का बघू.”

“कोणाला विचारून?”

“विचारलं असतं तर घेतली असती? आणि बाई, पेशंट तसाही जाणारच आहे.”

“जाणारा माणूस तुमच्या मालकीचा होतो का?”

तो हसला. “तुम्ही बोटं टोचणाऱ्या बायका. औषधातलं तुम्हाला काय कळतं?”

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, “गोळी बंद झाली ना? मग जाऊ दे.”

जाऊ द्यायला मी त्यांच्याइतकी भली नव्हते. माझ्याच हातांनी ती गोळी ह्यांना दिली गेली होती. अशी जुनी औषधं कॅन्सरवर चालतात का, हे तपासणारे डॉक्टर असतात, असं पुढे वाचलं. खुशाल तपासावीत. पण आधी रोग्याला सांगावं, त्याची सही घ्यावी. नको म्हणायचा हक्क ह्यांचा होता आणि तो त्या डॉक्टरने चोरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावरच्या मैत्रिणीशी फिरतीचा भाग बदलून घेतला. मी टेमघरला, ती माझ्या कोन गावाला. सगळ्यात आधी त्या डॉक्टरच्याच दवाखान्यात शिरले. बाकावर सात-आठ जण होते. ताप कोणाला आहे, विचारलं. रक्त घेता घेता प्रत्येकाला मोठ्याने सांगितलं, “माझ्या नवऱ्याला कॅन्सरची म्हणून मलेरियाची गोळी दिली ह्या डॉक्टरने. औषधाचं नाव लिहून घेतल्याशिवाय उठू नका.”

“मेरे को भी खुली पुडिया दी है,” कापडाच्या लूमवरचा एक कामगार म्हणाला.

“तर मग आत जा आणि नाव विचार.”

एक म्हातारी उठली. “माज्या सुनेला काय दिलं, त्ये मला बी कलाया पायजे.”

आतून डॉक्टर ओरडला, “बाहेर काय तमाशा लावलाय?”

“सरकारी ड्युटी आहे,” मी म्हटलं आणि पुढच्या माणसाचं बोट कापसाने पुसलं. म्हातारी आत गेली होती. तिने दार उघडंच ठेवलं होतं.