उबेत मरणारे जंतू

दक्षिण कोरियात तेजॉन शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेत पिओ गुमसुक या विद्यार्थिनीने मेथनॉल खाणाऱ्या जंतूंचा एक वाण शोधला होता. तो तीस अंशांवर फोफावायचा आणि सदतिसावर मरायचा. हे तपासायला तिने काही बश्या मुद्दाम सदतिसावर ठेवल्या होत्या.

"माझे जंतू मारलेस, गधडे!" म्हणत प्रयोगशाळेचे प्रमुख प्राध्यापक मेंग यांनी तिच्या थोबाडीत मारली, काचेच्या बश्या तिच्या अंगावर फेकल्या. तिचा तळहात चिरला.

"सर, मरतात म्हणून तर ते हवेत! उबेत त्यांचं नेमकं काय बिघडतं, ते त्यावरूनच कळेल."

"मला शिकवतेस?" त्यांनी पुन्हा हात उगारला, तशी तिने लोखंडी स्टूल त्यांच्या खांद्यावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

तिला काढून टाकलं. जाताना ती मला म्हणाली, "ताई, फ्रीजरमधला वाण तेवढा जपा."

मी तो लपवून पुसान शहरातल्या तिच्या नव्या प्रयोगशाळेत पोहोचवला. तिथून तिचा शोध तिच्याच नावाने छापून आला.