बोर नदीच्या वाळूवर आठ फोटो

भाद्रपद पौर्णिमेच्या सकाळी मी वंदना आटोपली, पांढरा सदरा घातला, पांढरं धोतर नेसलो, आणि घड्याळं उघडताना डोळ्याला लावतो ते भिंग कॅमेऱ्याच्या तोंडावर मेणानं चिकटवलं. कॅमेरा शेजारच्या फोटो स्टुडिओवाल्या मित्राचा, साधा पेटीचा. बायको चुलीपाशी होती. म्हणाली, "आज कोनाची घडी दुरुस्त कराची हाय?"

"फुलपाखराची."

"मंग भाकरी दोनच बांधतो. त्याले लागत नसन."

वर्ध्यात स्टेशनच्या वाटेवर माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. शाळा गावातच, सातवीपर्यंत झाली. पण हात बारीक कामाला बसला. म्हणून कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारे एक सर दर वर्षी पाऊस ओसरला की फुलपाखरं मारून, पंख पसरून, टाचणीनं काचेच्या पेटीत लावायचं काम मला देत. सात वर्षं केलं. गेल्या दसऱ्याला नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हापासून रोज सकाळी जीवहिंसा न करण्याचं शील म्हणतो. यंदा सर पुन्हा रिकामी पेटी घेऊन आले, तेव्हा मी म्हटलं, "सर, जिवंत फुलपाखराचा असा फोटो आणतो की पंखाची शीर न् शीर दिसेल."

सर हसले. "आणा. जमला तर पेटी माफ. नाही जमला तर नेहमीसारखी करून द्यायची."

मी बरं म्हटलं. भिंगावर आणि हातावर माझा भरवसा होता.

सेलूपर्यंत मोटार मिळते. सायकल टपावर टाकू देतात, फक्त दोरी आपली न्यावी. सेलूला उतरल्यावर आलूबोंडा खाऊन घ्या, कारण पुढे हिंगणीपर्यंत चहासुद्धा सहज मिळेल असं नाही. रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंनी कपाशीची पऱ्हाटी आणि मधे गाडीच्या चाकोऱ्या. उघाड असली तरी काळी माती चाकाला अशी धरते की सायकल आपल्यावर बसते की आपण सायकलवर, ते समजत नाही. मी तिला दोनदा खांद्यावर घेतली. पण हिंगणीच्या पुढे झाडी दाट होत गेली, टेकड्या जवळ आल्या, आणि बोर नदीचं पाणी दिसलं तेव्हा पायातला शीण गेला. पाणी गुडघाभर, तळातला गोटा न् गोटा दिसत होता. पौर्णिमेला विहारात बसावं तसा मी थोडा वेळ काठावर गप्प बसलो.

आता कामाचं सांगतो. भिंग लावलं की आठ बोटं अंतरावरची वस्तूच तेवढी स्पष्ट येते. बोटभर पुढेमागे झालं की सगळा धूर. कॅमेऱ्यातून पाहून काही कळत नाही. म्हणून मी तुरीच्या वाळल्या तुराटीची आठ बोटं लांब काडी तोडून कॅमेऱ्याच्या खालच्या कडेला बांधली होती. काडीचं टोक फुलपाखराशी गेलं की खटका दाबायचा. ऊन पाठीमागून हवं. फिल्मवर फोटो आठच.

काठावर तरोटा, म्हणजे टाकळा, फुलला होता. त्यावर पिवळी फुलपाखरं भिरभिरत होती. मी काडी पुढे करत जवळ गेलो की ती हातभर पुढच्या फुलावर. तीन फोटो असेच गेले. तिन्हींत फूल येणार, पाखरू नाही, हे खटका दाबतानाच कळलं.

इतक्यात गायी पाण्यावर आल्या आणि त्यांच्यामागे गुराखी, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, डोक्यावर घोंगडी. बराच वेळ मला पाहत राहिला.

"काऊन गा भाऊ, कोनाच्या लग्नाले चालला?"

"फुलपाखराचे फोटो काढून राह्यलो, बुवा. पन उडून जातेत."

"उडतीनच ना! असा पांढराफट्ट बगळा होऊन उभा राह्यला, तं जवळ कोन येईन? बगळा खाते त्याइले."

मी आपल्या कपड्यांकडे पाहिलं. पौर्णिमा म्हणून नेसलेलं पांढरं. उपासकाची शुद्धता फुलपाखरांना चोच वाटत होती. मला हसू आलं. गुराख्यानं आपली घोंगडी माझ्या अंगावर टाकली.

"अन् फुलापाशी काय करतं? माह्या गायी जथी मुततेत तथी चाल. सारा बजार भरते त्याइचा."

खरंच होतं. नदीच्या वळणावर ओल्या वाळूत शंभरेक फुलपाखरं पंख मिटून बसली होती. पिवळी, पांढरी, काही काळी, हिरव्यानिळ्या ठिपक्यांची. वाळूतलं खारट ती सोंडेनं ओढत होती. मी घोंगडी पांघरून पालथा पडलो आणि कोपरांवर सरकत निघालो. वासाचं विचारू नका. काडीचं टोक जवळ गेलं तरी ती उठेनात. चार फोटो काढले. पण चारही वेळा एक तर वारा आला, नाहीतर माझ्याच श्वासानं कॅमेरा हलला. उरला एक.

गुराख्याला माझी अडचण दिसली. त्यानं वाकून चिमटीत एक काळं फुलपाखरू अलगद धरलं. "घे. छाती जराशी दाबली का गपगार होते. मंग कसंबी बसव, कितीबी काढ."

सात वर्षं मी नेमकं तेच करत होतो, त्याच दोन बोटांनी. माझी बोटं पुढे झालीसुद्धा.

"सोडा त्याले, बुवा."

"अरे, एक तं हाय!"

"सोडा."

त्यानं बोटं उघडली. मी पुन्हा वाळूत कोपरं टेकली. एक हिरव्या ठिपक्यांचं फुलपाखरू एकटं बसलं होतं. काडी सरकवली, श्वास सोडून दिला, आणि घड्याळाचा काटा बसवताना हात जसा थांबतो तसा थांबू दिला. खटका दाबला. मग आम्ही दोघांनी मिळून भाकरी आणि अंबाडीची भाजी खाल्ली.

परतीच्या वाटेवर एकच विचार छळत होता: हा आठवा हलला असेल तर? तर मला पेटी करावी लागणार होती. शब्द दिला होता.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओवाल्या मित्रानं फिल्म धुऊन फोटो छापले. सात वाया. आठव्यात पंखावरची शीर न् शीर, आणि वाळूत रोवलेली केसासारखी सोंड. मित्र म्हणाला, "हा मी माझ्या दुकानात लावतो."

सर संध्याकाळी माझ्या दुकानात आले. भिंगातून खूप वेळ पाहत राहिले. "वा! असं मी कधी पाहिलं नव्हतं." मग फोटो खाली ठेवून म्हणाले, "पण पंख मिटलेले आहेत. मुलांना वरची बाजू दाखवावी लागते. पेटी तर लागेलच."

"पेटी होणार नाही, सर."

"अहो, फोटो बिघडला असता तर केलीच असती ना?"

"केली असती," मी म्हटलं. "तसा शब्दच मी द्यायला नको होता. जीव मारायचा की नाही, हे मी एका फोटोवर सोडलं होतं. आता जमो न जमो, माझ्या हातून होणार नाही. पुढच्या वर्षीही नाही."

 सरांनी फोटो खिशात घातला आणि ते रिकामी पेटी घेऊन दुकानाची पायरी उतरले.