झिपरीची दाढ आणि पहिली भाकर

धामणगाव बढ्यात कोणालाही विचारा, शालूबाईला बसलेलं पाहिलं का म्हणून. कोणी पाहिलं असेल तर मिशी काढून देईन! पायाला भिंगरी बांधूनच जन्मली ती बाई. चहा उभ्यानं, आणि जेवताना दोनदा तरी उठणार. नवरा भगवानराव करवादायचा, "अवं, भुईले काय काटे हायेत का? टेक ना घडीभर!"

उन्हाळ्यात वावर रिकामं झालं की ही दगड वेचायला निघायची. वेचायची आणि जागेवरूनच धुऱ्याकडं, म्हणजे बांधाकडं, भिरकावायची. तिची कुत्री झिपरी धावत जायची, तोच दगड तोंडात धरून आणायची आणि हिच्या पायाशी टाकायची. शालूबाई हसत पुन्हा फेकायची. बाप्पा, असलं काम कधी सरतं का? पण दोघींना त्याचीच गोडी.

आणि एक नेम होता, सासूनं घालून दिलेला. चुलीवरची पहिली भाकर दारच्या कुत्र्याची. ती त्याच्या पोटात गेल्याशिवाय माणसांनी घास घ्यायचा नाही. सासू गेली, शेजारीपाजारी गॅस आले, नेम मात्र राहिला.

यंदा झिपरीच्या डोळ्याखाली गाठ आली. फुटली, पू वाहिला, बसली, पुन्हा आली. शेजारची कौशल्याबाई म्हणाली, डोळा बिघडला, बिब्बा घाल. शालूबाईनं हळद लावली. झिपरी भाकर तोंडात घ्यायची आणि कळवळून खाली टाकायची. मग शालूबाईच्याही घशाखाली काही उतरेना. रात्रंदिवस नुसती घरात-अंगणात फिरायची.

शेवटी पुतण्या गोकुळनं आपल्या मालवाहू ऑटोत कुत्रीला घातलं. गाव हसलं. पारावरचा कचरू तर म्हणाला, "कुत्रीच्या दातासाठी बुलढाणा? माह्या बुढ्याच्या तोंडात एक दात नाही, त्याले नेलं का बे कोणी?"

बुलढाण्याच्या दवाखान्यात डॉक्टर अर्पितानं झिपरीचा ओठ वर केला आणि लगेच सांगितलं, "डोळ्याला काही झालं नाही, काकू. वरची मोठी दाढ फुटली आहे. तिची मुळं डोळ्याखालपर्यंत जातात, तिथं पू साचतोय. कडक काही चावते का ही?"

"दगड," भगवानराव म्हणाला.

शालूबाई भिंतीवरच्या मांजराच्या चित्राकडं बघत राहिली. मांजराचं तिला काय पडलं होतं! ते दगड फेकणारा हात तिचाच होता.

"पूर्ण भूल देऊन दाढ काढावी लागेल," डॉक्टर म्हणाली. "परवा सकाळी आणा. आदल्या रात्रीपासून पोटात अन्नाचा कण नको."

आता ऐका गंमत. गंमत कसली, जिवाशी खेळ! त्या सकाळी सवयीनं शालूबाईचे हात पिठात गेले. पहिली भाकर उतरली. झिपरी दारात येऊन बसली, बघत. शालूबाईला आठवलं, मागच्या साली मोताळ्यात आपली स्वतःची दाढ काढली, तेव्हा डॉक्टरीण काय म्हणाली होती? पोटभर जेवून या, नाहीतर भोवळ येईल! मग मुक्या जिवाला उपाशी न्यायचं? ही कुठली रीत? तिनं भाकर वरणाच्या पाण्यात कुस्करली. आणि इतक्या दिवसांच्या उपाशी कुत्रीनं वाटी चाटूनपुसून साफ केली. शालूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. वाटी धुऊन ठेवली आणि कोणाला सांगितलं नाही.

दवाखान्यात भगवानरावानं छाती काढून सांगितलं, "कालपासून कण नाही देल्ला, मॅडम."

"छान," डॉक्टर म्हणाली. "नाहीतर भुलीत उलटी होते, अन्न फुप्फुसात जातं. टेबलावरच जीव जाऊ शकतो."

शालूबाई एका जागी ठरेना. ती बाहेर गेली, आत आली. चपला सरळ लावल्या. पुन्हा बाहेर. सांगावं तर नवरा चारचौघांत सोलून काढेल, गोकुळचा भाड्याचा दिवस बुडेल, आणि गावात कचरूला आयतं कोलीत. न सांगावं तर? एवढीशी भाकर, जिरली असेल. मन असं वकिली करत होतं आणि आत झिपरीच्या पायावरचे केस काढायची मशीन सुरू झाली.

मशीन थांबली. डॉक्टरनं सुई हातात घेतली. झिपरीनं मान वळवून दाराकडं पाहिलं.

"थांबा वं माय!" शालूबाई ओरडतच आत घुसली. "म्या देल्ली भाकर! सकाळीच देल्ली. सुई नका टोचू!"

भगवानराव भडकला. "डोकं फिरलं काय तुहं? काऊन देल्ली?"

"माही दाढ काढली तवा जेवून या म्हने! मले काय ठाऊक?" शालूबाई रडतच होती. "तुम्ही घरी गेल्यावर मले मारा, पण तिले मरू नका देऊ."

डॉक्टरनं सुई खाली ठेवली. "काकू, तुमची दाढ जागेपणी काढली, नुसती हिरडी बधिर करून. हिला गाढ झोपवायचं आहे. बरं झालं बोललात." मग ती भगवानरावाकडं वळली, "उद्या या. आणि यांना रागावू नका, मी सांगताना कारण सांगायला हवं होतं."

राजूर घाट उतरून सगळे घरी परतले. गोकुळनं उद्याचं भाडं दुसऱ्या ऑटोवाल्याला दिलं आणि तो नुसतं म्हणाला, "उद्याही येतो, काकू."

दुसऱ्या सकाळी शालूबाईच्या घरी चूल पेटली नाही. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. झिपरी दारात येऊन बसली, शेपटी हलवली, चुलीकडं पाहिलं, मग शालूबाईकडं. ती नजर सोसवेना. शालूबाईनं पदर तोंडात कोंबला आणि अंगण दुसऱ्यांदा झाडलं.

"आज काही दिलं?" डॉक्टरनं विचारलं.

"न तिले, न मले."

दाढ तीन मुळांची. कापून तुकडे करून काढावी लागली, मग टाके. तोवर शालूबाईनं दवाखान्याचा ओटा झाडला, कुंड्यांना पाणी घातलं, कोणाच्या तरी बोक्याची टोपली धरून उभी राहिली. आतून बोलावणं आलं तेव्हा झिपरी जीभ बाहेर काढून, झिंगल्यासारखी पडली होती. शालूबाईचा आवाज ऐकून शेपटीचं टोक तेवढं हललं. शालूबाई तिथंच फरशीवर मटकन बसली आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन बराच वेळ बसूनच राहिली. भगवानराव दारातून बघत होता. त्यालाही गलबलून आलं.

संध्याकाळी डॉक्टरनं सांगितल्याप्रमाणं चूल पेटली. पहिली भाकर कोमट दुधात भिजवून झिपरीपुढं गेली. तिनं एका बाजूनं हळूहळू चाटली. मग घरानं दिवसभराचा उपास सोडला, कारण भगवानरावानंही काही खाल्लं नव्हतं. बोलला मात्र नाही बेटा!

टाके विरघळले, गाठ गेली. शालूबाई पुन्हा वावरात दगड वेचते. पण आता फेकत नाही. एकेक दगड हातात धरून धुऱ्यापर्यंत चालत जाते, खाली ठेवते आणि परत येते. मागोमाग झिपरी, रिकाम्या तोंडानं.